संचायक विद्युत् घट : ऐतिहासिक विकास व तुलना

संचायक विद्युत् घट : ज्या विद्युत् घटातील रासायनिक विक्रिया बाहेरून उलट दिशेने विद्युत् प्रवाह सोडून पूर्वस्थितीत आणता येते व त्यामुळे ज्याचा पुन:पुन्हा उपयोग करता येतो, त्याला संचायक किंवा द्वितीयक विद्युत् घट म्हणतात. असे अनेक घट जोडून होणाऱ्या संचाला संचायक घटमाला व व्यवहारात नुसती बॅटरी म्हणतात. याउलट हातविजेरीतील कोरड्या घटासारखा जो घट एकदा संपला की टाकून द्यावा लागतो, तो प्राथमिक घट होय. संचायक घटात वीज साठविली जाते असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु प्रत्यक्षात विद्युत् ऊर्जा रासायनिक ऊर्जेच्या रूपात साठते व मागणी होताच ती पुन्हा विद्युत् रूपात परत मिळते.

या घटांच्या इतिहासात नवा प्रकार आला म्हणजे जुना नाहीसा झाला, असे सहसा घडलेले नाही. १८५९ मध्ये शोधलेला शिसे-अम्ल घट लिथियम-आयन घटांच्या काळातही कोट्यवधी वाहनांत वापरला जातो. प्रत्येक प्रकारात एखादा ठळक दोष आहे आणि हा दोष जेथे कमीत कमी बाधतो तेथे तो प्रकार टिकून राहिला आहे. पूर्व विदर्भात ही गोष्ट विशेष स्पष्टपणे पाहता येते. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा निर्माण झाला. या जिल्ह्यात घटमालांचे जवळजवळ सर्व प्रमुख उपयोग आढळतात, तर त्याच्या पश्चिमेच्या भंडारा व उत्तरेच्या बालाघाट जिल्ह्यांतील खाणींमधून घटांना लागणारे मँगॅनीज मिळते.

मूलतत्त्व : प्रत्येक घटात धनाग्र व ऋणाग्र अशी दोन विद्युत् अग्रे आणि त्यांच्यामध्ये आयनांचे वहन करणारा विद्युत् विच्छेद्य असतो. विसर्जनाच्या (घटातून प्रवाह घेण्याच्या) वेळी ऋणाग्रावरील पदार्थाचे ऑक्सिडीभवन होऊन इलेक्ट्रॉन सुटे होतात; ते बाहेरील मंडलातून काम करीत धनाग्राकडे जातात व तेथील पदार्थाचे क्षपण करतात. भारणाच्या वेळी याच्या उलट घडते. विक्रिया कागदावर उलटविता येणे एवढेच पुरेसे नसते. पदार्थाने शेकडो वेळा आपल्या मूळ जागी व मूळ स्वरूपात परत यावे लागते. कोरड्या घटात विरघळलेले जस्त भारणाच्या वेळी सारखे न बसता सुईसारखे वाढते आणि मँगॅनीज डाय-ऑक्साइडाची स्फटिकरचना एका मर्यादेपलीकडे पूर्ववत् होत नाही. त्यामुळे तो घट प्राथमिकच राहतो. संचायक घटांचा इतिहास हा मुख्यत: परत येऊ शकणाऱ्या पदार्थांच्या शोधाचा इतिहास आहे.

प्रारंभ : आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १८०० मध्ये आपल्या चितीची माहिती प्रसिद्ध केली. त्यानंतर अल्पावधीतच जर्मन शास्त्रज्ञ जे. डब्ल्यू. रिटर यांनी तांब्याच्या चकत्या व ओलसर पुठ्ठे यांची अशी चिती तयार केली की, जी स्वत: वीज निर्माण करीत नसे, पण दुसऱ्या चितीने भारित केल्यावर थोडा वेळ प्रवाह देई. ही द्वितीयक घटाची पहिली कल्पना होय. १८५४ मध्ये व्हिल्हेल्म झिन्स्टेडेन यांनी सल्फ्यूरिक अम्लातील शिशाच्या पट्टिकांवर असाच परिणाम पाहिला. व्यवहार्य घट मात्र गास्ताँ प्लांते या फ्रेंच भौतिकीविज्ञांनी १८५९ मध्ये तयार केला. शिशाचे दोन पत्रे मध्ये विभाजक पट्ट्या ठेवून त्यांनी गुंडाळले व ती गुंडाळी विरल सल्फ्यूरिक अम्लात बुडविली. पुन:पुन्हा भारण व विसर्जन केल्यावर एका पत्र्यावर लेड डाय-ऑक्साइडाचा व दुसऱ्यावर सच्छिद्र शिशाचा थर तयार झाला. या क्रियेला दीर्घकाळ लागे आणि भारणासाठी प्राथमिक घटच वापरावे लागत. त्यामुळे डायनामो प्रचारात येईपर्यंत प्लांते यांचा शोध प्रयोगशाळेपुरताच राहिला.

शिसे-अम्ल घट : १८८१ मध्ये कामीय फोर यांनी शिशाच्या ऑक्साइडांचा लगदा पट्टिकांवर थापण्याची युक्ती काढली व पट्टिका तयार करण्याचा काळ पुष्कळच कमी झाला. त्याच वर्षी फोर यांच्या भारित घटांची पेटी पॅरिसहून ग्लासगोला विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांच्याकडे नेण्यात आली. एका गावी भरलेली वीज दुसऱ्या गावी नेऊन वापरता येते, ही गोष्ट त्या काळी मोठ्या नवलाईची ठरली. लगदा गळून पडू नये म्हणून जाळीदार पट्टिका आल्या व जाळीला बळकटी येण्यासाठी शिशात अँटिमनी मिसळण्यात येऊ लागले. विसर्जनाच्या वेळी दोन्ही पट्टिकांवर लेड सल्फेट तयार होते व अम्ल खर्ची पडते, हे जे. एच. ग्लॅडस्टन व ए. ट्राइब यांनी १८८२ मध्ये दाखविले. अम्ल विक्रियेत भाग घेते म्हणूनच त्याची सापेक्ष घनता मोजून घट किती भरलेला आहे हे सांगता येते. पूर्ण भारित घटात ती सु. १·२५ ते १·२८ असते. मोटारगाडीच्या दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात दिसणारा काचेच्या नळीतील तरकाटा याच तत्त्वावर चालतो.

हा घट जड आहे, हा त्याचा मोठा दोष होय. तरीही १८९९ मध्ये शिसे-अम्ल घटमालेवर चालणाऱ्या कामीय जेनात्झी यांच्या मोटारगाडीने ताशी १०० किमी. वेगाची मर्यादा प्रथमच ओलांडली. पुढे पेट्रोलच्या एंजिनाने विजेच्या मोटारगाडीला मागे टाकले. परंतु त्याच एंजिनाने शिसे-अम्ल घटाला सर्वांत मोठी बाजारपेठ मिळवून दिली. सी. एफ. केटरिंग यांनी तयार केलेला विद्युत् आरंभक १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत बसविण्यात आला व हाताने दांडा फिरवून एंजिन चालू करण्याची पद्धत मागे पडली. क्षणभर फार मोठा प्रवाह देण्याच्या या कामात वजनापेक्षा कमी अंतर्गत रोध व कमी किंमत यांना महत्त्व असते.

रेल्वेतही हा दोष फारसा बाधला नाही. डब्याच्या आसाला पट्ट्याने जोडलेला जनित्र गाडी चालू असता घटमाला भारित करी व गाडी स्थानकात थांबली की घटमाला दिवे चालू ठेवी. भारतीय रेल्वेच्या डब्यांत प्रथम २४ व नंतर ११० व्होल्टची अशी व्यवस्था रूढ झाली. बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळापासून गोंदिया हे प्रस्थानक आहे आणि तेथून गेलेल्या कित्येक पिढ्यांनी डब्याखालच्या त्या लांबट पेट्या पाहिल्या आहेत. १९५७ मध्ये ओटो याखे यांनी अम्लाचा जेलीसारखा विच्छेद्य करून पाणी घालावे न लागणारा घट तयार केला. १९७० नंतरच्या काळात काचतंतूंच्या चटईत अम्ल शोषून ठेवणारे झडपयुक्त घट आले.

शिसे-अम्ल घटाचा दुसरा शत्रू उष्णता हा आहे. तापमान सु. १०° से.ने वाढले की घटाचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा ठोकताळा आहे. विदर्भात मे महिन्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाते. अशा वेळी पाण्याची पातळी खाली जाऊन पट्टिका उघड्या पडतात, जाळी गंजते व घट अकाली निकामी होतो. दुसऱ्या बाजूस अर्धवट भारित स्थितीत दीर्घकाळ ठेवलेल्या घटात लेड सल्फेटाचे कठीण स्फटिक बनतात व ते भारणाने परत विरघळत नाहीत. पावसाळी दिवसांत सौर दिव्यांच्या घटमाला बिघडण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

क्षारीय घट : अम्लाऐवजी पोटॅशियम हायड्रॉक्साइडाचा विद्राव वापरणारे घट स्वीडनचे वाल्देमार युंगनर व अमेरिकेचे टी. ए. एडिसन यांनी जवळजवळ एकाच काळात तयार केले. युंगनर यांनी १८९९ मध्ये निकेल-कॅडमियम घट बनविला. एडिसन यांनी १९०१ पासून निकेल-लोह घटाची एकस्वे घेतली. एडिसन यांना विजेच्या मोटारगाडीसाठी हलका व चिवट घट हवा होता. त्यांचे पहिले घट १९०३ मध्ये बाजारात आले. पण ते गळू लागल्याने व त्यांची धारणक्षमता घटू लागल्याने निर्मिती थांबवावी लागली. सुधारित घट या दशकाच्या अखेरीस तयार झाला, तोपर्यंत पेट्रोलच्या स्वस्त मोटारगाड्या येऊन ठेपल्या होत्या. निकेल-लोह घट मात्र खाणकामगारांच्या टोपीवरील दिव्यांत, कारखान्यांतील ढकलगाड्यांत व रेल्वेत अनेक दशके टिकला. तो अतिभारण, पूर्ण विसर्जन व धक्के सहन करतो. मात्र नुसता ठेवला तरी लवकर रिकामा होतो व भारणाच्या वेळी पुष्कळ हायड्रोजन सोडतो. क्षारीय विद्राव विक्रियेत निव्वळ खर्ची पडत नसल्याने त्याच्या घनतेवरून घट किती भरलेला आहे हे कळत नाही.

निकेल-कॅडमियम घटाला १९३० नंतर सच्छिद्र तापपिंडित पट्टिकांमुळे आणि १९४७ मध्ये जी. नॉयमान यांनी तयार केलेल्या पूर्ण बंद घटामुळे चालना मिळाली. या घटात धनाग्रावर निर्माण होणारा ऑक्सिजन ऋणाग्रावरील जादा कॅडमियमाकडून शोषला जातो, त्यामुळे वायू बाहेर सोडावा लागत नाही. १९७५ मध्ये सोडलेल्या आर्यभट या पहिल्या भारतीय उपग्रहात सौर घटांच्या जोडीला निकेल-कॅडमियम घटमालाच होती. मात्र कॅडमियम अत्यंत विषारी आहे. जपानमधील जिंत्सू नदीच्या खोऱ्यात खाणींच्या सांडपाण्यातील कॅडमियमामुळे इताई-इताई हा अस्थिरोग झाल्याचे तेथील शासनाने १९६८ मध्ये मान्य केले. घटांशी त्या घटनेचा थेट संबंध नव्हता. पण कॅडमियमाविषयीचा धोका त्यामुळे जगापुढे आला. यूरोपीय संघाने २००६ च्या निदेशान्वये सुवाह्य उपकरणांतील निकेल-कॅडमियम घटांवर मोठे निर्बंध घातले.

कॅडमियमाची जागा हायड्रोजन शोषणाऱ्या मिश्रधातूने घेतली. लँथॅनम व निकेल यांच्या मिश्रधातूचा हा गुण नेदर्लंड्समधील फिलिप्स प्रयोगशाळेत १९६० नंतरच्या दशकात लक्षात आला होता. त्यावर आधारित निकेल-धातू हायड्राइड घट १९९० च्या सुमारास बाजारात आले व १९९७ मधील टोयोटा प्रियस या संकरित मोटारगाडीत वापरले गेले.

मँगॅनीज व पूर्व विदर्भ : घटांच्या इतिहासात मँगॅनीज डाय-ऑक्साइडाचे स्थान झॉर्झ लक्लांशे यांच्या १८६६ च्या प्राथमिक घटापासून आहे. कोरडा घट हे त्याचेच सुधारलेले रूप होय. नागपूर-भंडारा-बालाघाट पट्ट्यातील मँगॅनीज साठ्यांचा सविस्तर अभ्यास एल. एल. फर्मोर यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केला. येथील गार्नेट व क्वॉर्ट्‌झ यांनी बनलेल्या मँगॅनीजयुक्त खडकाला त्यांनी गोंड जमातीवरून गोंडाइट हे नाव दिले. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या ब्रिटिश संस्थेने येथील खाणकाम वाढविले. तिच्या उत्तराधिकारी कंपनीचे खाणकाम १९६२ मध्ये मँगॅनीज ओअर (इंडिया) लि. (पुढे मॉइल) या कंपनीकडे आले व १९७७ मध्ये ही कंपनी पूर्णत: शासकीय मालकीची झाली. २०१० मध्ये तिचे भाग प्रथम जनतेस विकण्यात आले. या पट्ट्यातील बहुतेक धातुक पोलादनिर्मितीसाठी जाते. गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्याला लागून असलेल्या तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग ही उघडी खाण मात्र डाय-ऑक्साइड धातुकासाठी प्रसिद्ध असून कोरड्या घटांच्या उद्योगाला तेथून माल मिळत आला आहे.

नैसर्गिक धातुक घटासाठी पुरेसे शुद्ध व क्रियाशील नसते. म्हणून धातुकाचे क्षपण करून ते सल्फ्यूरिक अम्लात विरघळवितात व शुद्ध केलेल्या विद्रावाच्या विद्युत् विच्छेदनाने धनाग्रावर मँगॅनीज डाय-ऑक्साइडाचा थर जमवितात. अशा विद्युत् विच्छेदनी डाय-ऑक्साइडाचा कारखाना डोंगरी बुजुर्ग येथे भारतीय तंत्रविद्येच्या आधारे उभारण्यात आला. मँगॅनीजाचा क्षारीय घट पुनर्भारणक्षम करण्याचेही प्रयत्न झाले. कार्ल कोर्डेश यांच्या संशोधनावर आधारलेले असे घट १९९३ मध्ये अमेरिकेत विक्रीस आले. परंतु खोलवर विसर्जन केल्यास त्यांची क्षमता थोड्याच आवर्तनांत घटत असल्याने ते मागे पडले. एकदा वापरून टाकण्याच्या घटातून पुन:पुन्हा वापरण्याच्या घटात मँगॅनीजाचा यशस्वी प्रवेश झाला तो लिथियमाच्या सोबतीने.

लिथियम-आयन घट : लिथियम हा सर्वांत हलका धातू असून इलेक्ट्रॉन देण्याची त्याची प्रवृत्ती फार तीव्र आहे. पाण्याशी त्याची जोरदार विक्रिया होते म्हणून या घटांत कार्बनी विद्रावक वापरावे लागतात. एम. एस. व्हिटिंगहॅम यांनी १९७० नंतरच्या दशकात टायटॅनियम डायसल्फाइडाच्या थरांमध्ये लिथियम आयन शिरू व बाहेर पडू शकतात हे दाखविले. त्यांच्या घटातील ऋणाग्र धातुरूप लिथियमाचे होते. भारणाच्या वेळी त्यावर वाढणाऱ्या सुया धनाग्रापर्यंत पोहोचून आग लागण्याचा धोका असे. १९८० मध्ये जे. बी. गुडइनफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सफर्ड येथे लिथियम कोबाल्ट ऑक्साइडाचे धनाग्र सुचविले. १९८५ मध्ये आकिरा योशिनो यांनी धातूऐवजी कार्बनी पदार्थाचे ऋणाग्र वापरले. यामुळे घटात धातुरूप लिथियम न राहता फक्त त्याचे आयन ये-जा करू लागले. १९९१ मध्ये सोनी कंपनीने हा घट बाजारात आणला. या तिन्ही शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

कोबाल्ट महाग असून जगातील त्याच्या उत्पादनाचा निम्म्याहून अधिक भाग एकट्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातून येतो. शिवाय अतिभारित कोबाल्ट ऑक्साइड तापले असता ऑक्सिजन सोडते व आग भडकते. म्हणून पर्याय शोधले गेले. एम. एम. थॅकरे व गुडइनफ यांनी १९८३ मध्ये स्पिनेल रचनेचे लिथियम मँगॅनीज ऑक्साइड पुढे आणले. ते स्वस्त व अधिक सुरक्षित आहे, परंतु सु. ५०° से.च्या वर मँगॅनीज विच्छेद्यात हळूहळू विरघळते व घटाचे आयुष्य कमी होते. म्हणजे विदर्भाच्या भूमीतील धातूपासून बनणारा हा घट विदर्भाच्याच उन्हाळ्यात दुबळा ठरतो. निकेल, मँगॅनीज व कोबाल्ट यांच्या एकत्रित ऑक्साइडात मँगॅनीज मुख्यत: रचनेला स्थैर्य देण्याचे काम करते, मोटारगाड्यांत हा प्रकार मोठ्या प्रमाणावर वापरला गेला आहे. १९९७ मध्ये ए. के. पाढी व के. एस. नंजुंडस्वामी या भारतीय वंशाच्या संशोधकांनी गुडइनफ यांच्यासह लिथियम लोह फॉस्फेटाचा अभ्यास प्रसिद्ध केला. या संयुगातील ऑक्सिजन फॉस्फरसाशी घट्ट बांधलेला असल्याने ते उष्णतेला चांगले तोंड देते. ऊर्जा थोडी कमी, पण आयुष्य व सुरक्षितता जास्त, असा हा सौदा आहे.

तुलना : पुढील कोष्टकातील आकडे स्थूल असून घटाची बांधणी, तापमान व विसर्जनाची खोली यांनुसार ते बदलतात.

| घटाचा प्रकार | विद्युत् दाब (व्होल्ट) | ऊर्जा (वॉट-तास प्रतिकिग्रॅ.) | आवर्तने | प्रमुख दोष |
|---|---|---|---|---|
| शिसे-अम्ल | २·० | ३०–४० | ३००–१,००० | वजन; शिशाची विषाक्तता |
| निकेल-लोह | १·२ | २०–४० | २,००० हून अधिक | आपोआप विसर्जन |
| निकेल-कॅडमियम | १·२ | ४०–६० | १,०००–२,००० | कॅडमियमाची विषाक्तता |
| निकेल-धातू हायड्राइड | १·२ | ६०–१०० | ५००–१,००० | आपोआप विसर्जन |
| लिथियम कोबाल्ट | ३·७ | १५०–२०० | ५००–१,००० | आगीचा धोका, किंमत |
| लिथियम मँगॅनीज | ३·८ | १००–१५० | ३००–७०० | उष्णतेत क्षय |
| लिथियम लोह फॉस्फेट | ३·२ | ९०–१६० | २,००० हून अधिक | कमी दाब. गोठणाऱ्या थंडीत भारण कठीण |

केवळ ऊर्जेच्या रकान्यावरून श्रेष्ठत्व ठरवणे चुकीचे होय. तिरोडा येथील ३,३०० मेगावॅट क्षमतेच्या औष्णिक वीज केंद्रासारख्या (संच २०१२–१४) ठिकाणी सर्व पुरवठा बंद पडला, तरी नियंत्रण व वंगण व्यवस्था चालू राहावी म्हणून घटमाला ठेवाव्या लागतात. त्या जमिनीवर स्थिर असल्याने वजनाला महत्त्व नसते. वर्षानुवर्षे भारित राहून ऐन वेळी दगा न देणे एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा असते. म्हणून अशा केंद्रांत शिसे-अम्ल व निकेल-कॅडमियम घट टिकून आहेत. खिशातील दूरध्वनीला नेमके उलट गुण लागतात. शहरातील ई-रिक्षाच्या चालकाला सुरुवातीची किंमत निर्णायक वाटते. म्हणून तो शिसे-अम्ल घटमाला घेतो व ती वारंवार बदलतो. आयुष्यभराचा एकूण खर्च मांडला तर लोह फॉस्फेट घट पुष्कळदा स्वस्त पडतो. पण तो खर्च आरंभीच करण्यासाठी हाताशी पैसा किंवा कर्ज असावे लागते. घटाची निवड रसायनशास्त्राइतकीच अर्थशास्त्रावरही अवलंबून असते.

भारतातील उद्योग : असोसिएटेड बॅटरी मेकर्स (ईस्टर्न) ही कंपनी १९४७ मध्ये नोंदली गेली, तिचा महाराष्ट्रातील कारखाना चिंचवड येथे १९६९ मध्ये सुरू झाला. १९९५ पासून ती एक्साइड इंडस्ट्रीज या नावाने ओळखली जाते. तमिळनाडूतील कारैक्कुडी येथील केंद्रीय विद्युत् रसायन संशोधन संस्थेत घटांवर दीर्घकाळ संशोधन झाले आहे. लिथियम-आयन घटांच्या बाबतीत भारत मुख्यत: आयातीवर अवलंबून राहिला, ही स्थिती बदलण्यासाठी केंद्र शासनाने २०२१ मध्ये प्रगत रासायनिक घटांच्या निर्मितीसाठी १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. लिथियमाऐवजी विपुल असलेले सोडियम वापरणाऱ्या सोडियम-आयन घटाचे तंत्र पुण्याच्या केपीआयटी टेक्नॉलॉजीज या कंपनीने पुण्यातीलच भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेच्या सहकार्याने विकसित करून डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. सोडियम-आयन घटांच्या धनाग्रांसाठी अभ्यासल्या गेलेल्या अनेक संयुगांत लोहाबरोबर मँगॅनीज असते. त्यामुळे या प्रदेशातील धातुकाला या क्षेत्रातही वाव आहे. मात्र धातुक खणणे व घटाला लागणाऱ्या शुद्धतेचे संयुग बनविणे यांत मोठे अंतर आहे. खनिजाची किंमत मुख्यत: या दुसऱ्या टप्प्यात वाढते. तो टप्पा दूरच्या कारखान्यांत पार पडला, तर खाणीच्या प्रदेशाला फक्त मजुरी व मातीचे ढिगारे मिळतात.

निरुपयोगी घटांची विल्हेवाट : शिसे-अम्ल घटातील शिसे जवळजवळ संपूर्ण परत मिळविता येते, हे या जुन्या घटाचे मोठे सामर्थ्य होय. परंतु उघड्यावर घट फोडून भट्टीत शिसे वितळविल्यास अम्ल जमिनीत मुरते व शिशाची धूळ हवेत पसरते. तिचा सर्वाधिक अपाय लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला होतो. यास आळा घालण्यासाठी भारतात २००१ मध्ये घटमालांविषयीचे नियम करण्यात आले. २०२२ च्या नियमांनी सर्व प्रकारचे घट कक्षेत घेऊन परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. लिथियम-आयन घटांचे पुनश्चक्रण अधिक अवघड आहे. अनेक धातू एकत्र असल्याने ते वेगळे करणे खर्चाचे पडते व घटात उरलेल्या भारामुळे आगीचा धोका असतो. लोह फॉस्फेट व मँगॅनीज घटांत कोबाल्टासारखा मौल्यवान धातू नसल्याने ते गोळा करण्यास व्यापारी उत्तेजन कमी मिळते. त्यामुळे घट जितका स्वस्त व निरुपद्रवी, तितकी त्याच्या परतीची व्यवस्था कायद्याने व शासनाच्या देखरेखीने करावी लागते.